घरच्या घरी डिटॅचेबल टोबार: बोल्ट सोपे आहेत, काटकसर वायरिंगवर नको

रेडिंगकर
नमस्कार मंडळी. कॅम्पिंगच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं की गाडीला टोबार (ट्रेलर किंवा सायकल रॅक जोडायला गाडीच्या मागे बसवतात ती जोडणी) घरी बसवता येतो का, तिथे उत्तर लिहीत बसलो तर तो धागा भरकटेल म्हणून हा वेगळा काढतोय. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट, तिसऱ्या पिढीची, राहायला इंग्लंडात. घरापुढच्या ड्राइव्हवेवर मी आणि शेजारचा मित्र अशा दोघांनी मिळून डिटॅचेबल, म्हणजे काढता-घालता येणारा, टोबार बसवला आणि आता त्यावर सायकली पण जातात आणि ट्रेलर पण.

आधी एक सांगतो, टोबार म्हणजे मागे वेल्डिंग करून लावलेला आकडा नव्हे. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदणी झालेल्या साध्या गाडीला इथे टाइप अप्रूव्ह्ड टोबारच लागतो, म्हणजे तो त्याच मॉडेलसाठी टेस्ट केलेला असतो आणि गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या भोकांमध्येच बसतो. म्हणूनच घरी करणं शक्य आहे. चासीला ड्रिल मारायचं नाही, काही वाकवायचं नाही, जागा आधीपासून तयार असते.

खरेदीच्या आधी ड्रायव्हरच्या दारापाशी किंवा बॉनेटखाली जी प्लेट असते ती वाचा. पहिला आकडा गाडीचं जास्तीत जास्त भरलेलं वजन, दुसरा गाडी अधिक ट्रेलर मिळून, खालचे दोन पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचे. उदाहरणार्थ पहिला १८९० आणि दुसरा ३३९० असेल तर गाडी पूर्ण भरलेली असताना ट्रेलरसाठी १५०० किलो उरतात. दुसरा आकडाच नसेल किंवा शून्य असेल तर ती गाडी ओढण्यासाठी मंजूरच नाही, काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं असं असतं, तिथे फारतर सायकल रॅकपुरता टोबार मिळतो.

टोबारच्या स्वतःच्या प्लेटवर दोन आकडे बघायचे, डी आणि एस. एस म्हणजे बॉलवर (ट्रेलर ज्यावर अडकतो तो गोळा) वरून किती वजन चालेल ते. डी म्हणजे ओढण्याची ताकद, किलोन्यूटनमध्ये. हिशोब असा: गाडीचं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोघांची बेरीज, सगळं टनात, आणि त्याला ९.८१ ने गुणायचं. वरच्या उदाहरणात १.८९ गुणिले १.५ भागिले ३.३९ गुणिले ९.८१, म्हणजे साधारण ८.२ येतात. टोबारचा डी त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे. हे मी कागदावर मांडून बघितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला, कारण पोरं मागच्या सीटवर बसणार असतात.

आता प्रत्यक्ष काम. मागचे दिवे काढायचे, त्यांच्या खाली आणि चाकांच्या कमानीत टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू असतात, बंपरच्या तळाला अजून काही, ते सगळे एका डब्यात कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवायचे. मग बंपर कोपऱ्यांतून बाहेर ओढायचा, कटकट आवाज करत क्लिपा सुटतात आणि पहिल्यांदा ऐकताना वाटतं की काहीतरी तुटलं, पण तो आवाज तसाच असतो. फक्त एका दमात ओढून मोकळे होऊ नका, आतल्या बाजूला पार्किंग सेन्सरचा कनेक्टर असतो, तो आधी सोडवायचा. इथे दुसरा माणूस हवाच, बंपर जड नसतो पण लांब असतो आणि एकट्याने धरला की रंगाला ओरखडा ठरलेला. खाली जुनी रजई अंथरा.

बंपरच्या आत एक आडवी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते धक्का सोसायला. आमच्या गाडीत ती काढून तिच्या जागी टोबारची आडवी पोलादी तुळई बसते, म्हणजे ती पट्टी परत लागत नाही. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्यायचे, तुळई मधोमध आहे ना ते दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि मगच टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पाना) आवळायचं, सूचनापत्रकात प्रत्येक बोल्टचा आकडा दिलेला असतो तोच धरायचा. अंदाजाने "चांगला घट्ट" हा प्रकार इथे अजिबात नको.

वायरिंगबद्दल खाली वेगळं लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

चिंचोका
वा, छान धागा. वाचनखूण साठवली. डिटॅचेबलच का घेतला पण? फिक्स्ड स्वस्त पडतो ना बऱ्यापैकी?

रेडिंगकर
स्वस्त पडतो खरा. पण आमच्याकडे डिकी सतत उघडझाप होते, फिक्स्ड बॉल नडगीला लागतो आणि गाडी मागे घेताना मागच्या गाडीच्या नंबरप्लेटला पण. दुसरं म्हणजे ओढायचं काही नसताना बॉलने नंबरप्लेट झाकली जात असेल तर तो काढून ठेवावा लागतो, ते फिक्स्डला कसं करणार?

मान (बॉल असलेला, काढता येणारा दांडा) बसवायची पद्धत बघण्यासारखी आहे. माझ्या टोबारला बाजूला एक गोल चक्री आहे, ती ओढून फिरवली की यंत्रणा ताणलेल्या अवस्थेत अडकून राहते आणि लाल खूण समोर येते. मग मान खालून खाचेत वर ढकलायची, खटकन आवाज होतो, चक्री आपोआप फिरते आणि हिरवी खूण येते, चक्री आणि मान यांच्यात फट उरत नाही. मग किल्ली फिरवून काढून घ्यायची. किल्ली निघाली नाही तर मान नीट बसलेली नाही, तशीच गाडी अजिबात काढू नका. हात मानेवर ठेवून जोरात हलवून बघायची सवय लावा, दर वेळी.

काढलेली मान चांगली चार-पाच किलोची असते. ती डिकीत सुटी टाकू नका, करकचून ब्रेक लागला तर तोफेच्या गोळ्यासारखी पुढे येईल. स्टेपनीच्या खड्ड्यात पिशवीत घालून पट्ट्याने बांधा. आणि खाचेला प्लॅस्टिकचं झाकण लावायचं विसरू नका, इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आत गेलं की यंत्रणा जाम.

पाना_नं_तेरा
मेकॅनिकल भाग पटला. पण वायरिंग एवढं मोठं प्रकरण का म्हणताय? मी जुन्या फोर्डला युनिव्हर्सल बायपास रिले लावला होता, मागच्या दिव्यांच्या वायरी टॅप केल्या, बॅटरीवरून एक फ्यूज लावलेली वायर आणली, काम संपलं. निम्म्याहून कमी पैशात. ट्रेलरचे सगळे दिवे लागायचे.

रेडिंगकर
जुन्या गाडीला चालतं ते आणि तुमचं काम चांगलंच असणार. पण नवीन गाड्यांत प्रश्न फक्त ट्रेलरचे दिवे लागण्याचा नाहीये, गाडीला कळलं पाहिजे की मागे ट्रेलर आहे.

तिला कळलं की ती काय काय करते बघा: मागचे पार्किंग सेन्सर बंद करते, नाहीतर रिव्हर्स टाकला की सलग बोंब. मागचा फॉग लॅम्प गाडीचा बंद करून ट्रेलरचा लावते, नाहीतर तो उजेड ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवरून उलटा डोळ्यात येतो. ट्रेलरचा इंडिकेटर गेला तर डॅशबोर्डवर सांगते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या गाड्यांत ईएसपीमध्ये (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) ट्रेलर स्टॅबिलिटी आहे तिथे ट्रेलर डुलायला लागला की एकेका चाकाला ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कमी करून तो शांत करायचा प्रयत्न करते. बायपास रिलेने यातलं बहुतेक काही मिळत नाही, कारण तो मागच्या दिव्यांचा सिग्नल नुसता वाचतो, गाडीच्या कॅन बसशी (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते जाळं) त्याचं बोलणंच नसतं.

म्हणून माझं ठाम मत आहे, पैसे वाचवायचेच तर टोबार सेलमध्ये घ्या, फिटिंग स्वतः करा, पण वायरिंग किट तुमच्या गाडीसाठी बनवलेलं डेडिकेटेडच घ्या. ती वायर डिकीतून सिलच्या (दाराच्या उंबरठ्याच्या) पट्टीखालून पुढे फ्यूजबॉक्सपर्यंत न्यावी लागते, पॅनेल उघडावी लागतात, वेळ जातो. जाऊ द्या वेळ.

गार्गी_क
+१ रेडिंगकर. आमच्या घरी वायरिंग मी केलं, नवऱ्याने टोबार बसवला. माझ्याकडून थोडी भर:

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा आणि काढण्याआधी डिकी उघडी ठेवा, बऱ्याच गाड्यांची डिकी वीज नसताना बाहेरून उघडत नाही. सॉकेट १३ पिनचंच घ्या. पिन १ डावा इंडिकेटर, २ फॉग, ३ अर्थ (अर्थिंगची वायर), ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवा पार्किंग दिवा, ६ ब्रेक, ७ डावा पार्किंग दिवा, ८ रिव्हर्स. ९ ला कायमचा करंट, १० ला इग्निशन चालू असतानाचा, ते कॅरॅव्हॅनवाल्यांना लागतात, ११ आणि १३ त्यांच्या अर्थ. अर्थ वेगवेगळ्या आहेत त्या एकत्र बांधू नका, एकच बारीक वायर सगळा करंट घेऊन तापेल. जुना ७ पिनवाला ट्रेलर असेल तर अडॅप्टर मिळतो, फक्त काम झालं की तो काढून ठेवायचा, लावून ठेवला तर पाणी साचून पिना हिरव्या पडतात.

वायर जिथून डिकीच्या पत्र्यातून बाहेर जाते तिथला ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) नीट बसवा. नीट म्हणजे बोटाने गोल फिरवून त्याची कड सगळीकडून पत्र्याच्या पलीकडे गेलीय का ते बघून. तिथून पाणी आत आलं तर कार्पेटखाली साचतं आणि वास यायला लागेपर्यंत कळत नाही.

टेम्सकाठचा_गडी
कोडिंगचं काय केलं? मला तीच भीती आहे. किट बसवलं आणि गाडीने ओळखलंच नाही तर?

रेडिंगकर
फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना (व्हीडब्ल्यू, स्कोडा, सेआट, ऑडी) कोडिंग, म्हणजे नवीन भागाची गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद, लागतंच. माझ्याकडे व्हीसीडीएसची केबल आहे, ओबीडीइलेव्हनने पण होतं, ही दोन्ही त्या कॉम्प्युटरला जोडायची साधनं. आधी बदल करायच्या प्रत्येक मॉड्यूलचं जुनं कोडिंग लिहून किंवा फोटो काढून ठेवायचं, ही पायरी गाळू नका. मग १९ नंबरचं मॉड्यूल म्हणजे गेटवे उघडायचं, त्यातल्या इन्स्टॉलेशन लिस्टमध्ये ६९ नंबर म्हणजे ट्रेलर, त्यापुढे टिक करायची. आता गाडीला कळलं की असं एक मॉड्यूल आहे. त्यानंतर ब्रेकच्या ०३ मध्ये ट्रेलर स्टॅबिलायझेशन आणि पार्किंग सेन्सरच्या मॉड्यूलमध्ये टोबार आहे असं सांगायचं. कुठला बाइट, कुठला बिट हे वर्षागणिक आणि मॉडेलगणिक बदलतं, म्हणून माझे आकडे इथे देत नाही, कोणीतरी तसेच टाकेल आणि भलतंच काही चालू होईल.

स्वतः करायचं नसेल तर मोबाइल कोडिंगवाले घरी येऊन करतात. सगळं बसवून फक्त कोडिंग बाहेरून करून घेतलं तरी फिटिंगचे बरेच पैसे वाचतात.

पाना_नं_तेरा
ईएसपीचा मुद्दा मान्य. तो मी धरलाच नव्हता कारण त्या फोर्डला ती भानगडच नव्हती. आता बायकोची नवी गाडी आहे तिला डेडिकेटेडच घेईन. एक शंका, बंपर कापावा लागतो का? तिथेच गाडं अडलंय, ती कापू देणार नाही.

रेडिंगकर
मॉडेलवर आहे. काहींना अजिबात नाही, काहींना खालच्या बाजूला छोटी खाच, वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. विकत घेण्याआधी त्या टोबारचं सूचनापत्रक कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या, त्यात लिहिलेलं असतं. वेस्टफालिया, ब्रिंक, विटर सगळ्यांची मिळतात.

कापायचा असेल तर पत्रकातला कागदी नमुना शंभर टक्के साइझमध्येच छापला गेलाय का ते पट्टीने मोजा, प्रिंटर बऱ्याचदा "पानात बसवा" म्हणून लहान करून टाकतो. बंपरवर मास्किंग टेप लावा, टेपवर रेघ मारा, रेघेच्या आतून कापा आणि उरलेलं कानसेने घासत रेघेपर्यंत या. कापायची घाई कशाला, घासून वाढवता येतं, कापलेलं परत जोडता येत नाही.

सायकलवेडी
माझा विषय सायकलींचा. दोन ई-बाइक आणि लेकीची एक छोटी. टोबारवर रॅक लावायचा आहे. तिन्ही जातील का?

रेडिंगकर
ताई, वजन करून सांगतो. रॅक समजा १८ किलो, ई-बाइक २५-२५, झाले ६८. लेकीची १० धरली तर ७८. आमच्या गाडीच्या पुस्तकात बॉलवर ७५ किलोची मर्यादा आहे, म्हणजे बसत नाही. टोबारच्या प्लेटवर एस ९० असला तरी उपयोग नाही, गाडी आणि टोबार यातला जो आकडा लहान तो धरायचा. आता दोन्ही ई-बाइकच्या बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्या तर साधारण तीन-तीन किलो कमी होतात, ७२ वर येता. पण त्याआधी रॅकची स्वतःची मर्यादा बघा, बरेच रॅक एकूण ६० किलोच घेतात आणि ते रॅक सोडून नुसत्या सायकलींचं वजन असतं. मग छोटी सायकल डिकीतच बरी.

रॅक लावायचा तर बॉलवर ग्रीस नको, कोरडा आणि स्वच्छ हवा, कारण रॅक नुसता पकडीवर उभा असतो. तेच अँटी-स्वे हिचवाल्या (डुलणं रोखणाऱ्या जोडणीच्या) कॅरॅव्हॅनला, त्यात घर्षणाचे पॅड असतात. साध्या ट्रेलरच्या कपलिंगला (बॉलवर बसणाऱ्या टोकाला) ग्रीस चालतं, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्यांनी मध्ये रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने पुसून घ्यायचं.

आणि रॅकमुळे नंबरप्लेट आणि दिवे झाकले जातात, रॅकवर दुसरी प्लेट लावायची, इथे मागची पिवळी.

डच_वाऱ्यावर
नेदरलँड्समध्ये रॅकवरची ती जादा प्लेट पांढरी असते, गाडीवरची पिवळीच. इकडे राहणाऱ्यांनी घरी छापून लावू नका, अधिकृत दुकानातूनच घ्यायची.

अजून एक अनुभव. माझ्या रॅकचे दिवे एलईडी आहेत. ते इतका कमी करंट घेतात की गाडीच्या मॉड्यूलला कधी कधी वाटतं मागे काही जोडलेलंच नाही, मग सेन्सर बंद होत नाहीत. किट घेताना एलईडी चालतं का ते विचारून घ्या.

स्टुटगार्टचा_नाना
जर्मनीचं थोडं सांगतो. युरोपियन टाइप अप्रूव्हल असलेला टोबार सूचनेप्रमाणे बसवला तर गाडीच्या कागदपत्रांत वेगळी नोंद करावी लागत नाही, पण त्याचे कागद गाडीत ठेवावे लागतात. बॉल नंबरप्लेट झाकत असेल तर न वापरताना काढायचा. वेग ट्रेलरसह ८०, आणि १०० साठी वेगळी मंजुरी आणि ट्रेलरवर स्टिकर. इथे आल्यावर सवय नसते आणि ऑटोबानवर माणूस विसरतो, म्हणून लिहिलं.

लायसन्सचं पण बघा. साध्या बी वर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर, त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून ३५०० च्या आत. त्यापुढे बी ९६ किंवा बीई.

रेडिंगकर
धन्यवाद नाना. इथे १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी आहे, त्याआधी १९९७ पासून पास झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. अर्थात गाडीची मर्यादा तेवढी नसतेच. बिनब्रेकचा ट्रेलर ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी ते. मोटरवे आणि ड्युअल कॅरेजवेवर ६० मैल, साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन बंद. विमा कंपनीला टोबार लावल्याचं कळवा. एमओटीमध्ये (इथली गाडीची वार्षिक तपासणी) पण टोबारची जोडणी बघतात आणि १३ पिनचं सॉकेट टेस्टर लावून तपासतात.

ढोलकरी
आमचं पथक गणपतीत ढोल-ताशे व्हॅन भाड्याने घेऊन नेतं, दरवर्षी तोच खर्च. एका सभासदाच्या गाडीला टोबार लावून छोटा बंद ट्रेलर घ्यावा असं चाललंय. ढोल हलके पण जागा फार खातात, त्यामुळे ट्रेलरच योग्य वाटतो. माल कसा ठेवावा?

गार्गी_क
जड सामान ट्रेलरच्या अ‍ॅक्सलवर किंवा जरासं पुढे. झेंड्यांचे लोखंडी पाइप, जनरेटर वगैरे कधीच शेपटाकडे नको, मागे वजन गेलं की पुढचं टोक उचललं जातं आणि ट्रेलर वेगात डुलायला लागतो. डुलला तर वेग वाढवून सावरायच्या फंदात पडू नका, जोरात ब्रेकही नको, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. निघताना बाथरूमच्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा उभा करून त्यावर ट्रेलरचं टोक टेकवून बघा, किती वजन येतंय ते कळतं. बॉलच्या उंचीला मोजा, तिरकं धरलं तर चुकीचं दाखवेल.

औंधवाला
पुण्यातून विचारतोय. इथे इनोव्हाला असा टोबार लावता येईल का? टूलकिटमध्ये स्क्रूने बसणारा हुक आहे तो चालेल का?

रेडिंगकर
तो हुक चालणार नाही, तो बंद पडलेली गाडी हळू ओढून न्यायला असतो, त्यावर ट्रेलर किंवा रॅक लावू नका. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे आधी गाडीच्या पुस्तकात ट्रेलर ओढायची मर्यादा दिलीय का ते बघा आणि लेखी विचारणा आरटीओत करा. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून मिळतो तो घेऊ नका दादा, त्याच्यावर ना डी आकडा असतो ना कोणाची जबाबदारी.

टेम्सकाठचा_गडी
ब्रेकवाल्या ट्रेलरची ती लाल वायर असते ना, ती कुठे अडकवायची? आमच्याकडे एकजण बॉलच्या मानेभोवती नुसता फास टाकतो.

रेडिंगकर
चांगला प्रश्न, मी वर लिहायला हवं होतं. ती ब्रेकअवे केबल. ट्रेलर सुटलाच तर ती ताणली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लावते आणि मग तुटते. डिटॅचेबलला मानेभोवती फास नको, कारण मानच निघून आली तर केबल तिच्याबरोबर जाईल, ब्रेक लागणारच नाहीत. टोबारच्या न निघणाऱ्या भागाला त्यासाठी एक डोळा दिलेला असतो, तिथे हुक अडकवायचा. केबलचा साधा हुक तिथे बसत नसेल तर कॅरॅबिनरवाली केबल मिळते, बदलून घ्या. केबल जमिनीला घासणार नाही एवढी वर पाहिजे आणि वळणावर ताणली जाणार नाही एवढी ढिली.

पाना_नं_तेरा
शेवटचं विचारतो. काढल्यावर ती अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फेकून देऊ का? गॅरेजमध्ये अडगळ झाली की घरून ओरडा बसणार आहे. आणि बोल्ट परत आवळायचे का कधी?

रेडिंगकर
पट्टी ठेवा, नट-बोल्टांसकट, एका पिशवीत. गाडी विकताना किंवा टोबार दुसऱ्या गाडीवाल्याला देताना ती परत बसवावी लागेल, नवीन महाग येते.

बोल्ट हो, साधारण १००० किलोमीटर ओढून झालं की टॉर्क रेंच परत लावायचा, बऱ्याच पत्रकांत तसं लिहिलेलंच असतं. माझ्या गाडीत खालून हात घालून सगळे बोल्ट लागले, बंपर काढावा लागला नाही, तुमच्यात बघून घ्या. तेव्हाच जिथे रंग खरवडला गेला असेल तिथे मेणाचा स्प्रे मारा.

पाना_नं_तेरा
ठीक, माळ्यावर टाकीन. टोबार ऑर्डर करतोय, बसवला की फोटो टाकीन इथेच.